'पॉझिटिव्ह' आलं म्हणजे नेमकं काय आलं?

पत्र :

डॉक्टरताई, माझ्या आईच्या (वय ५४) उजव्या स्तनात गाठ निघाली. बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्ह, ३+ असं लिहिलंय. गाठ साडेतीन सेंटिमीटरची आहे, काखेतही एक लागली आहे. बाकी स्कॅन स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, आधी किमो आणि सोबत टार्गेटेड इंजेक्शन, ऑपरेशन नंतर. इंजेक्शन वर्षभर चालणार, एकूण अठरा. मामा म्हणतात, गाठ आत ठेवून औषधं कसली देताय, आधी काढून टाका. चुलतभाऊ म्हणतो, टार्गेटेड दिलं की किमो लागतच नाही. काकूंच्या मते 'पॉझिटिव्ह' म्हणजे पसरलेला. बाबा उसाचं अर्धा एकर विकायला निघालेत. कुणी एक काढाही आणून ठेवलाय. आईला आम्ही 'साधी गाठ आहे' एवढंच सांगितलंय. मला मात्र झोप लागत नाही ती वेगळ्याच काळजीनं. आईच्या जनुकात दोष आहे, तर तो माझ्यात आणि माझ्या चार वर्षांच्या मुलीतही असणार का?

– स., कऱ्हाड

उत्तर :

प्रिय स.,

झोप उडवणाऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. आईच्या रिपोर्टमधला हर-टूचा दोष तुला किंवा तुझ्या लेकीला वारशानं मिळालेला नाही, मिळणारही नाही. तो दोष आईच्या जन्मापासून तिच्या अंगात नव्हता. स्तनातली एखादी पेशी दुभंगताना चूक झाली, आणि त्या एका पेशीच्या पिलावळीतच तो दोष राहिला. आईच्या रक्तातल्या, त्वचेतल्या पेशी तपासल्या तर तिथे तो सापडणार नाही. घराण्यातून उतरणारे दोष वेगळे. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांतली माहितीची नावं, आणि स्तनाच्या एकूण कॅन्सरांपैकी साधारण ५ ते १० टक्केच अशा वारशानं होतात. आजी, मावशी, मामेबहीण यांच्यात कुणाला कमी वयात स्तनाचा, कुणाला बीजकोशाचा कॅन्सर झाला होता का, ते मामांना नीट विचार. तसं काही निघालं तर आईच्या डॉक्टरांना जनुकीय सल्ल्याबद्दल विचार. काहीच निघालं नाही तरी आईला झालाय म्हटल्यावर तुझा धोका इतर बायकांपेक्षा थोडा जास्त धरतात, म्हणून चाळिशीपासून मॅमोग्राफी चुकवू नकोस. लेकीसाठी आज काहीही करायचं नाही. आज रात्री झोप.

आता 'पॉझिटिव्ह'कडे येऊ. मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटचा चेहरा मला क्वचित दिसतो, पण त्यांच्या गाठी माझ्या टेबलावर येतात. ३+ हा शब्द मी कशावरून लिहिते, ते तुला सांगते. सुईनं काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्याच्या अतिशय पातळ चकत्या काचेवर घेऊन त्यांवर असं रसायन सोडतात, की हर-टू नावाचं प्रथिन जिथे असेल तिथेच तपकिरी रंग चढतो. निरोगी पेशीवर तो दिसेल न दिसेल असा. तुझ्या आईच्या गाठीसारख्या गाठीत प्रत्येक पेशीभोवती गडद, अखंड तपकिरी कडा उमटते. शेजारशेजारच्या कडा मिळून खुराड्याच्या जाळीसारखी जाळी दिसते. तिला ३+ म्हणायचं. कडा अखंड पण फिकट किंवा मध्यम रंगाची असली की २+, आणि मग फिश नावाची दुसरी तपासणी करावी लागते. आईची ३+ आहे, तेव्हा फिशवर पैसे घालवू नका.

म्हणजे काकूंना सांग, 'पॉझिटिव्ह'चा अर्थ 'पसरलेला' असा नाही. ही गाठ कशाच्या जोरावर वाढते ते सापडलं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पसरलंय का, ते स्कॅन सांगतो, आणि तुमचा स्कॅन स्वच्छ आहे.

जोर कशाचा, ते जरा सविस्तर लिहिते, कारण ते कळलं की घरातले निम्मे वाद आपोआप मिटतील. आपल्या प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचे निरोप घेणारी प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. (रिपोर्टमधले ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, ते वेगळे.) हर घराण्यात अशी चार भावंडं. ती एकेकटी काही करत नाहीत, जोडी जमली की कामाला लागतात. फुगडी डोळ्यांसमोर आण. एकटी मुलगी फुगडी घालू शकत नाही. दोघींनी हात गुंफले, मागे भार टाकला, की गिरकी सुरू होते. इतर भावंडांना वाढीचा निरोप देणारं रसायन येऊन चिकटलं तरच ती हात पुढे करतात. हर-टूला मात्र असं कुणी यावं लागत नाही, त्याचे हात कायमच पुढे असतात. त्याची सगळ्यात जोरदार जोडी जमते ती हर-थ्रीशी. गिरकी सुरू झाली की पेशीच्या आत गेलेल्या टोकांवर फॉस्फेटचे कण बसतात, आणि तिथून एकापाठोपाठ एक प्रथिनं जागी होत निरोप थेट केंद्रकापर्यंत पोचतो : दुभंग, वाढ, मरू नकोस.

निरोगी पेशीत हर-टूच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, सतराव्या गुणसूत्राच्या जोडीवर एकेक. त्यामुळे फुगड्या मोजक्या, गरजेपुरत्या. पेशी दुभंगताना चूक होऊन या जनुकाच्या ढिगानं प्रती झाल्या की तेवढं प्रथिन तयार होतं. पृष्ठभागावर हजारांत असणारे रिसेप्टर मग वीस लाखांपर्यंत जातात. इतकी गर्दी झाली की कुणी बोलवायची वाट न बघता हर-टू हर-टूशीच हात गुंफतं. फिशमध्ये ही गर्दी सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते. काळ्या अंधारात प्रत्येक पेशीत दोन हिरवे ठिपके, गुणसूत्राची खूण म्हणून, आणि त्यांच्याभोवती लाल ठिपक्यांचा पुंजका. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता. स्तनाच्या दर शंभर कॅन्सरांत असे १५ ते २०.

या शोधाच्या अगदी सुरुवातीला एक मुंबईकर आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. डॉ. लक्ष्मीचरण पाढी. पुढे ते कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांच्या मज्जापेशींच्या गाठींतला डीएनए चांगल्या पेशींत घातला आणि त्यामुळे उगवणारं एक नवं प्रथिन पकडलं. तो निबंध १९८२ चा. माणसातलं तेच जनुक १९८५ मध्ये सापडलं. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन यांनी १८९ बायकांच्या गाठी तपासून दाखवलं की ज्यांच्यात या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत, त्यांचा आजार लवकर उलटतो, म्हणजे पुन्हा उद्भवतो. काकूंच्या मनातली भीती तिथली, आणि त्या काळी ती खरीच होती. तेव्हा ३+ लिहिणं म्हणजे वाईट बातमी लिहिणं होतं. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. २००५ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातल्या हजारो बायकांवरच्या चाचण्यांचे निकाल आले : किमोसोबत हे औषध दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. तुझ्या आईचं इंजेक्शन म्हणजे हेच औषध.

ते प्रतिपिंड आहे, म्हणजे आपलं शरीर जंतूंविरुद्ध बनवतं त्या जातीचं प्रथिन. ते हर-टूच्या पेशीलगतच्या भागाला जाऊन घट्ट बसतं. फुगडी मंदावते, शिवाय आपल्या रक्तातल्या लढाऊ पेशींना 'इथे या' अशी खूण होते. पर्टुझुमॅब नावाचं दुसरं प्रतिपिंड थेट गुंफायचे हातच धरून ठेवतं. काखेत गाठ असेल तर बऱ्याचदा दोन्ही मिळून देतात. आईला ते का सुचवलं किंवा का नाही, हा डॉक्टरांना विचारण्याजोगा प्रश्न आहे.

चुलतभावाला हे समजावून सांग : प्रतिपिंडानं वाढीचा निरोप तुटतो, पण निरोप तुटला म्हणून गाठीतली प्रत्येक पेशी मरतेच असं नाही. किमो पेशीवर घाव घालते, आणि घाव बुजवायला लागणारं बळ हर-टूकडून येईनासं झालेलं असतं. म्हणून दोन्ही मिळून जे साधतं ते एकेकट्यानं साधत नाही. २००५ चे ते निकालही किमोसकट इंजेक्शनचे आहेत. केस जातील ते किमोनं, आणि ते परत येतील. पुढचे महिने नुसतं इंजेक्शन राहील तेव्हा आई घरची कामं करत, डे-केअरला येऊन-जाऊन करू शकेल. पहिल्या इंजेक्शनला थंडी वाजून ताप येऊ शकतो, म्हणून ते दीड तास सावकाश सोडतात. पुढची बहुधा अर्ध्या तासात होतात.

मामांचा प्रश्न रास्त आहे. गाठ दिसतेय तर काढून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण आईच्या प्रकारात औषध आधी देण्यात फार मोठा फायदा आहे. गाठ आत असताना औषध दिलं तर ते तिच्यावर चालतंय की नाही हे हाताला आणि सोनोग्राफीवर कळतं. गाठ आधी काढली तर औषध कशावर चाललं हे कळायला काही उरतच नाही. ईआर निगेटिव्ह, हर-टू पॉझिटिव्ह गाठींत दोन्ही प्रतिपिंडं आणि किमो मिळून दिल्यावर निम्म्याहून अधिक बायकांत ऑपरेशनच्या वेळी जिवंत कॅन्सर पेशी सापडतच नाहीत. अशा तुकड्यांत मी स्लाइडमागून स्लाइड शोधते आणि नुसता व्रण दिसतो. आणि सापडल्याच, तरी हातात उपाय आहे. टी-डीएम-१ नावाच्या औषधात ट्रास्टुझुमॅबच्या पाठीवर किमोचा एक जहाल कण बांधलेला असतो. प्रतिपिंड रिसेप्टरला चिकटतं, पेशी ते आत ओढून घेते, आणि विष आत गेल्यावर सुटतं. ऑपरेशनमध्ये पेशी उरलेल्या बायकांना नेहमीच्या इंजेक्शनऐवजी हे दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, हे २०१८ च्या अखेरीस चाचणीत दिसलं. औषध आधी दिल्याशिवाय हे औषध कुणाला द्यायचं ते कळणार कसं? फक्त एक गोष्ट सर्जनना विचारा : किमो सुरू व्हायच्या आत गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार आहेत ना? गाठ विरघळली तर जागा सापडायला तीच खूण.

आता माझ्या कामातली एक गोष्ट, ती मी कुणालाही सांगायची सोडत नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरगावाहून एका बाईंचे ब्लॉक दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे आले. आधीचा रिपोर्ट ईआर निगेटिव्ह. स्लाइडवर कॅन्सरशेजारी स्तनाच्या निरोगी नळ्या होत्या, आणि त्याही कोऱ्या. निरोगी नळीतल्या काही पेशींना ईआरचा रंग चढायलाच हवा. तिथेही नाही चढला तर दोष गाठीत नाही, तपासणीत आहे. चौकशी केली तर कळलं, तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनऐवजी सलाइनमध्ये घालून दोन दिवस प्रवासात होता. नवा तुकडा घेऊन तपासला, ईआर ठळक पॉझिटिव्ह. त्या बाईंना हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच वर्षं मिळायच्या होत्या, त्या मिळाल्याच नसत्या. तुझ्या आईची ईआर निगेटिव्ह आहे. बहुधा ते बरोबरच असेल, तरी लॅबला फोन करून विचार, 'शेजारच्या निरोगी पेशींना रंग आला होता का?' हा प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावणार नाही. आणि ब्लॉक तुमचे आहेत. कुठेही दुसरं मत घ्यायचं झालं तर कागदासोबत ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या.

हृदयाचं. हर-टू हृदयाच्या पेशींनाही उपयोगी असतं, म्हणून या औषधानं काही जणींच्या हृदयाचा जोर थोडा उतरतो. सुरू करण्याआधी आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी इको करतात ते याचसाठी. बहुतेक वेळा औषध थांबवलं की जोर परत येतो. लाल रंगाच्या किमोसोबत (डॉक्सोरुबिसिनसारख्या) एकाच वेळी हे इंजेक्शन शक्यतो देत नाहीत. पहिल्या मोठ्या चाचणीत तशी दिलेल्या बायकांपैकी २७ टक्क्यांच्या हृदयावर परिणाम दिसला होता, तिथून हा धडा मिळाला. आईला बीपी असेल तर गोळी रोज. जिना चढताना नव्यानं धाप लागली, पावलं सुजली, रात्री उशी उंच घ्यावी लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन.

बाबांना म्हणावं, सातबारा कपाटात ठेवा. आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आईच्या उपचारातलं काय काय बसतं ते लेखी विचारा. समाजसेवा विभागात जा. हे औषध केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून त्याच्या किमतीला कमाल मर्यादा आहे. भारतात २०१४ पासून त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी ताडून पाहिलेली इथली आवृत्ती मिळते. ती स्वस्त पडते, आणि ती घेतली म्हणून आईला काही कमी दिलं असं कुणीही मनात आणू नये. डोस वजनावर ठरतो. मोठ्या कुपीतलं औषध पहिल्या वेळी उरलं, तर ते पुढच्या वेळी वापरता येणारी कुपी आहे का, हे फार्मासिस्टला विचारा. काही कुप्या सोबतच्या द्रावणात मिसळल्यावर फ्रिजमध्ये २८ दिवस टिकतात आणि तुमचं पुढचं इंजेक्शन २१ दिवसांनी आहे. ती हॉस्पिटलच्याच फ्रिजमध्ये ठेवू द्या. आणि दुकानातून स्वतः आणायची वेळ आली तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत आणा, पण कुपी बर्फाला टेकू देऊ नका. गोठलं की वाया गेलं.

इतकं करूनही पैसे अपुरे पडायला लागले तर एकच करू नका : गुपचूप तारखा गाळू नका. माझ्या माहितीतल्या कितीतरी घरांनी लाजेखातर तसं केलं, आणि डॉक्टरांना कळलं तेव्हा मधले दोन-तीन महिने गेलेले होते. वर्षभर इंजेक्शन हीच मान्य पद्धत आहे. पण ब्रिटनमध्ये चार हजारांवर बायकांवर सहा महिने आणि बारा महिने यांची तुलना झाली, आणि चार वर्षांनंतर आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ८९.४ आणि ८९.८ टक्के निघालं. काखेत गाठ असलेल्या आईसाठी ते पहिली निवड नव्हे, तरीही उघड बोललात तर डॉक्टरांना मार्ग काढता येतो. सुरुवातीलाच सांगा, 'आमच्याकडे एवढे आहेत.'

काढा देऊ नका. त्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही, आणि किमोच्या दिवसांत यकृतावर आणखी भार नको. तरी कुणी दिलाच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

राहिली आई. तुम्ही मायेनं लपवताय हे मला कळतं. पण अठरा वेळा सुई टोचून घेणार ती, केस तिचे जाणार, आणि डे-केअरच्या पाटीवर काय लिहिलंय ते तिला वाचता येतं. शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्याच दिवशी विचारेल, 'तुमचं कुठलं?' ते तिला तुझ्या तोंडून कळू दे, परक्या बाईच्या नको. दुपारी घरात कुणी नसताना, तांदूळ निवडता निवडता सांग. कॅन्सर हा शब्द एकदा उच्चार, आणि लगेच पुढचं सांग : कुठला ते नीट कळलंय, त्याच्यावर औषध आहे, किती दिवस ते ठरलंय. ती रडली तर रडू दे. मग अठरा तारखांची चौकट असलेलं कॅलेंडर तिच्याच हातात दे. तारखा तिनं खोडायच्या, तुम्ही नाही.

किमोच्या दुसऱ्या सायकलनंतर बऱ्याच बायकांना आंघोळीच्या वेळी गाठ लहान झाल्याचं आपलं आपल्यालाच जाणवतं. तेव्हा गाठ हाताला किती लागते ते आईलाच विचार, आणि मला लिही.

तुझी,
डॉक्टरताई